यंदा कोणती पोथी लावायची?

आषाढी झाली की आमच्या आजीच्या तोंडी एकच प्रश्न असायचा, ‘यंदा कोणची पोथी लावायची?’ चातुर्मासात रोज रात्री जेवणं उरकली की मारुतीच्या देवळात पोथी चालायची. एकजण ओव्या वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा आणि कंदिलाच्या उजेडात निम्मं गाव ऐकत बसायचं. त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पण ‘पांडवप्रताप’ लावायचा की ‘हरिविजय’, यावर प्रत्येकाचं मत असायचं आणि ते मत ठणकावून सांगितलं जायचं. आजी कायम ‘पांडवप्रताप’च्या बाजूची, कारण त्यात तिला धर्मराजाला शिव्या घालता यायच्या. द्यूताचा अध्याय झाला की परतीच्या वाटेवर ती सुरू व्हायची, ‘बायकू म्हंजी काय ढोर हाय व्हय, पणाला लावाया?’ शेजारची म्हातारी धर्मराजाची बाजू घ्यायची. घर येईपर्यंत भांडण. दुसऱ्या रात्री दोघी पुन्हा मांडीला मांडी लावून हजर.

१५ ऑक्टोबर जवळ आला की मला तो प्रश्न हटकून आठवतो. डॉ. कलामांचा जन्मदिवस २०१५पासून आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. मी एकतीस वर्षं तालुक्याच्या गावी एका कॉलेजात ग्रंथपाल होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमच्याकडे हा दिवस कसा व्हायचा ते सांगते. हॉलमध्ये सतरंज्या टाकायच्या, कपाटातून हाताला लागेल ते पुस्तक प्रत्येकाला द्यायचं, अर्धा तास शांतता, मग फोटो. फोटोवर ठिकाण आणि वेळ उमटलीच पाहिजे, कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, म्हणजे नॅकच्या, फाइलला तसाच लागतो. एका वर्षीच्या फोटोत पहिल्या रांगेतला एक मुलगा अगदी तल्लीन होऊन आमची जुनी दाखल नोंदवही वाचतोय. मलाही ते दिसलं अहवाल बांधून आल्यावर.

शंभर मुलं शंभर पुस्तकं घेऊन एका हॉलमध्ये बसली, तर उठल्यावर एकमेकांशी बोलणार काय? वाचन झालं, हे खरं. पण पोथी लावली नाही कुणी.

पुस्तक ‘लावता’ येतं, हे मला कळलं एका उजळणी वर्गात. तिथे कुणीतरी अमेरिकेतल्या सिअॅटल शहराची गोष्ट सांगितली. १९९८मध्ये तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल बाईंनी एक साधी कल्पना काढली : सगळ्या सिअॅटलने एकच पुस्तक वाचलं तर? (याच बाईंच्या रूपाची एक बाहुली पुढे बाजारात आली, ओठांवर बोट ठेवून ‘श्श’ करणारी. लोकांना बोलतं करणाऱ्या बाईच्या नशिबी हे!) पण माझं लक्ष गेलं ते त्यांनी निवडलेल्या पुस्तकाकडे. रसेल बँक्स यांची ‘द स्वीट हिअरआफ्टर’ ही कादंबरी. एका लहान गावात शाळेची बस अपघातात सापडते, मुलं जातात, आणि मागे उरलेल्यांपैकी चौघं आपापल्या तोंडून ती हकिगत सांगतात. बस चालवणारी बाई, मुलं गमावलेला बाप, नुकसानभरपाईचा दावा लावायला आलेला वकील आणि वाचलेली एक मुलगी. दोष कुणाचा? चौघांचे चार हिशेब. त्यात ना थोर पुरुषाचं चरित्र, ना शहराचा गौरव. मला वाटलं, या बाईंच्या गावातही कुणीतरी धर्मराजाला शिव्या घालणारी आजी असणार.

परत आल्यावर मी कॉलेजात ‘एक कॉलेज, एक पुस्तक’ असा प्रस्ताव ठेवला. ‘एक गाव, एक गणपती’ सगळ्यांना माहीत असल्यामुळे तो लगेच पटला. लगेच समितीही नेमली गेली आणि तिथेच माशी शिंकली. समितीत सात जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे, मीही त्यातलीच. एकांनी ‘मृत्युंजय’ सुचवलं. एकांनी आपल्या गुरूंची कादंबरी सुचवली, जिच्या वीस प्रती त्यांच्या घरी पडून होत्या. बाकीचे ‘मुलांवर संस्कार होतील असं काहीतरी’ म्हणत राहिले. शेवटी कुणाचीच हरकत नाही म्हणून ‘एक होता कार्व्हर’ ठरलं. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१पासून मराठी घरांत वाचलं जातंय, मी स्वतः किती जणांच्या हाती दिलं त्याला गणती नाही. एकट्याने वाचून अंगावर काटा यावा असं ते पुस्तक आहे. पण कार्यक्रमाच्या दिवशी काय झालं? पहिला मुलगा उठला, ‘खूप प्रेरणादायी पुस्तक आहे.’ दुसरी मुलगी उठली, ‘मलाही खूप प्रेरणा मिळाली.’ तिसऱ्याने दोघांचं एकत्र करून सांगितलं. वीस मिनिटांत आटोपलं आणि चहा झाला. दोष पुस्तकाचा नव्हता. कार्व्हर थोर होते, यावर भांडणार कोण? आम्ही सातही जणांना पटेल असं पुस्तक शोधलं होतं. बाकी तीनशेंनी त्यावर काय बोलायचं, हा प्रश्नच आमच्या बैठकीत निघाला नव्हता.

दुसऱ्या वर्षी मी समितीला दोन अटी घातल्या. एक, जो सुचवेल त्याने पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं हवं. या एका अटीने सूचना चौदावरून पाचावर आल्या. आणि दुसरी, सुचवणाऱ्याने त्यातली दोन पानं उभं राहून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. छापील पानावर भारदस्त वाटणारी काही पुस्तकं जिभेवर येताच धापा टाकू लागतात, हे त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं. समितीत पहिल्या वर्षाची दोन मुलं घेतली आणि आमच्या ग्रंथालयाचे शिपाईमामा घेतले. मामा देवघेव खिडकीमागे बसून तीस वर्षं वाचत आले होते. त्यांनी ‘बनगरवाडी’ सुचवलं. दोन पानं वाचली आणि तिसरं आपोआप सुरू केलं, कुणी थांबवलं नाही.

व्यंकटेश माडगूळकरांचं हे पुस्तक १९५५चं. दीडशे पानांच्या आतलं. मुलगा औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर मास्तर म्हणून जातो, शाळा उभी करतो, तालीम बांधवतो आणि शेवटी दुष्काळात वाडीच मोकळी होते. आमच्या कॉलेजातली निम्मी मुलं याच कोरड्या मुलखातली. मला वाटलं होतं, ओळखीचा मुलूख पाहून ती खूश होतील. ती खूश झाली नाहीत. ती भांडली.

शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतःला औताला जुंपून घेते, तो प्रसंग निघाला. एक प्राध्यापक म्हणाले, केवढी जिद्द! त्यावर वाणिज्य शाखेची एक मुलगी उठली. तीन वर्षांत खिडकीवर ‘मॅडम, कार्ड’ याखेरीज शब्द न बोललेली. ‘सर, जिद्द कसली? मला वाचताना राग आला. अख्ख्या वाडीत पैऱ्याला एक बैल मिळत नव्हता?’ मागून एक मुलगा म्हणाला, ‘पैरा करायला आपल्याकडं पण बैल लागतो. ज्याच्याकडं एकच राहिला, त्याच्याशी कोण पैरा करतंय?’ मग पैरा म्हणजे काय (एकमेकांना बैल देऊन आळीपाळीने काम उरकणं), तो कुणाशी करतात, कुणाशी करत नाहीत, हे सगळं बाहेर आलं. पुस्तक जरा बाजूला राहिलं, पुन्हा आलं. शेवटाकडे एक धनगराचा मुलगा शांतपणे म्हणाला, ‘वाडी मोकळी झाली की मास्तरला सगळं संपल्यासारखं वाटतं. आमची वाडी दर दिवाळीनंतर मोकळी होते, मॅडम. मेंढरं घेऊन जातात, पावसाला येतात. मास्तरला थांबायचं नव्हतं म्हणून पुस्तक तिथं संपलं.’

मी हे पुस्तक पाच-सहा वेळा वाचलं होतं. शेवट मास्तरच्या नजरेतून आहे, हे मला त्या मुलाने दाखवलं.

त्या दिवशी पाच-दहाची एसटी आठ मुलांची चुकली. मी घरोघर फोन केले, दुसऱ्या दिवशी बोलणीही खाल्ली. त्यानंतर पुस्तक निवडताना मी एसटीचं वेळापत्रकही बघू लागले. हसू नका. ज्या गावात मुलं बसने येतात, तिथे सहाशे पानांचं पुस्तक म्हणजे वसतिगृहातल्या मुलांपुरता कार्यक्रम.

आता प्रतींचं. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं तर प्रती हव्यात, आणि आपली खरेदीची रीत नेमकी उलटी. ग्रंथालयाने जास्तीत जास्त वेगवेगळी पुस्तकं घ्यावीत, हे आम्हाला शिकवलं गेलं आणि तपासणीलाही तेच पाहिलं जातं. आम्ही एका पुस्तकाच्या साठ प्रती घेतल्या, तेव्हा हिशेब तपासायला आलेल्या गृहस्थांनी दाखल नोंदवहीवर बोट ठेवून विचारलं, ‘साठ वेळा तेच? चूक आहे की काही दुसरं?’ त्यांना दुसरं म्हणजे काय म्हणायचं होतं, ते मला कळलं. तासभर समजावलं, तरी शेरा आलाच. १९६७च्या कायद्याने राज्यात अ, ब, क, ड वर्गांच्या सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. अशी गावोगावी दारं उघडी असणं ही लहान गोष्ट नाही. पण ड वर्गाच्या वाचनालयात एका पुस्तकाची एक प्रत असते आणि ती नेहमी बाहेर गेलेली असते. तालुक्यातल्या पाच वाचनालयांनी ठरवून एका पुस्तकाच्या दहा-दहा प्रती घेतल्या आणि फिरत्या ठेवल्या, तर ती उधळपट्टी धरू नये, एवढं एक परिपत्रक कुणी काढलं तर मी त्याला हार घालीन. तोवर आमचा उपाय आजीचाच. प्रत एक, वाचणारा एक, ऐकणारे चाळीस. दर गुरुवारी चार वाजता.

तिसऱ्या वर्षाची गोष्ट सांगायला मला जड जातं.

त्या वर्षी आम्ही बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ निवडलं. १९८६चं पुस्तक, फलटणच्या बाईंचं, म्हणजे आमच्या शेजारचंच. महारवाड्यातल्या बायकांचं जगणं, उपासमार, अंधश्रद्धा, सासुरवास आणि बाबासाहेबांच्या चळवळीने त्यात पडलेला फरक, सगळं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलंय. निवड जाहीर होताच एक पालक आले. ‘ह्या जुन्या गोष्टी पोरांच्या डोक्यात कशाला घालता?’ मला याची अपेक्षा होती आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं.

ते उत्तरही मी परक्या मुलखातून उचललेलं. २००२च्या उन्हाळ्यात चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने नव्या विद्यार्थ्यांना वाचायला मायकेल सेल्स यांचं कुराणातल्या सुरुवातीच्या सुरांवरचं पुस्तक नेमलं. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मोठा गदारोळ झाला. सरकारी विद्यापीठ धर्म लादतंय असं म्हणत काही जण कोर्टात गेले, राज्याच्या विधिमंडळातही पडसाद उमटले. कोर्टाने कार्यक्रम थांबवायला नकार दिला. विद्यापीठाने एक मुभा दिली होती : ज्याला पुस्तक वाचायचं नाही, त्याने का वाचायचं नाही ते एका पानात लिहून द्यावं. ही मुभा मला फार आवडली होती. नकार द्या, पण कारणासकट द्या. मी तीच सूचना फलकावर लावली आणि त्या पालकांसारख्यांच्या मुलांची पानं येतील म्हणून वाट पाहत बसले.

चार पानं आली. तीन तशीच होती. चौथं पान एका मुलीचं. तिने लिहिलं होतं : ही माझ्या आजीची गोष्ट आहे, मला ती घरी ऐकून माहीत आहे. वर्गात वाचली की सगळे वळून माझ्याकडे बघणार. मग कुणीतरी सर म्हणणार, तुझा अनुभव सांग. मला सांगायचा नाही.

मी ते पान दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवलं. मी पालकांचा राग मोजला होता, वरच्यांची नाराजी मोजली होती. ज्यांच्यासाठी म्हणून पुस्तक निवडलं असं मी मनात धरून बसले होते, त्यातल्या एकीवर ते कसं येऊन पडेल, हे मोजलं नव्हतं. मी सवर्ण घरातली बाई, भांडण होईल असं पुस्तक निवडा म्हणणं मला सोपं होतं. भांडण माझ्या अंगणात होणार नव्हतं.

पुस्तक आम्ही बदललं नाही, रीत बदलली. वाचायचं, पुस्तकात काय आहे त्यावरच बोलायचं, कुणालाही ‘तुमच्याकडे असं असतं का’ विचारायचं नाही. विचारणाऱ्याला मी त्याच क्षणी थांबवणार, मग तो प्राध्यापक असला तरी. आणि थांबवलंही. दोघांना. ती मुलगी तिसऱ्या गुरुवारी आली, वर्तमानपत्रांच्या स्टँडजवळ उभी राहिली, शेवटपर्यंत थांबली. बोलली नाही. मी विचारलं नाही.

तेव्हापासून पुस्तक निवडताना मी आधी मनात बैठक मांडते. कोण कुठे बसलंय, कुठल्या पानावर कोणाची मान खाली जाईल, कोणाला हसू येईल आणि ते हसू कोणाला लागेल. मग ठरवते. कधी पुस्तक तेच राहतं, वाचणारा बदलतो.

म्हणूनच ‘एक महाराष्ट्र, एक पुस्तक’ अशी कल्पना कुणी मांडली की मला धडकी भरते. मधूनमधून मांडतात. राज्याने एक पुस्तक नेमावं, सगळ्या शाळा-कॉलेजांनी ते एकाच महिन्यात वाचावं. चांगल्या मनाने मांडतात. पण बैठक जितकी मोठी, तितकी तिथे कोण बसलंय हे दिसेनासं होतं आणि मग कुणालाच टोचणार नाही असंच पुस्तक उरतं. शिकागोने २००१मध्ये ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ निवडलं, ते निभावलं. २००२मध्ये न्यूयॉर्क एवढ्या मोठ्या शहराने तसंच करायचं ठरवलं, तर दोन पुस्तकांवरून निवडणाऱ्यांचेच दोन तट पडले. एका पुस्तकाने या समाजाला वाईट वाटेल, दुसऱ्याने त्या समाजाला, हीच चर्चा वाढत गेली आणि शहरभर एक पुस्तक असं काही झालंच नाही. आपल्याकडे तर भांडण होण्याआधीच तडजोड होईल, पुस्तक पाठ्यपुस्तकासारखं गुळगुळीत निवडलं जाईल आणि पाठोपाठ त्याचं गाइड बाजारात येईल. निवड तालुक्याची असू द्या. खरं तर एसटी स्टँडला एक, इतकी लहान असली तरी चालेल.

निवृत्तीनंतर आमचा गुरुवार गावातल्या सार्वजनिक वाचनालयात हलला. कॉलेजची मुलं येतात, भरतीची तयारी करणारी मुलं येतात (‘मॅडम, परीक्षेला आहे का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न, ‘पुढं काय झालं?’ हा दुसरा), बचत गटातल्या तिघी-चौघी येतात, पलीकडच्या गल्लीतले शिंपीकाका काजं करत ऐकतात. यंदाच्या निवडीला मी ‘स्मृतिचित्रे’ घेऊन गेले होते. लक्ष्मीबाई टिळकांचं गद्य मोठ्याने वाचायलाच लिहिलंय, असं माझं ठाम मत. पानं मी घरी तीनदा वाचून गेले होते.

भरतीवाल्यातला एक मुलगा ‘कोसला’ घेऊन आला. भालचंद्र नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेलं, १९६३चं. मी विरोध केला. तीनशेच्या वर पानं, गावाकडचा पोरगा पुण्याला जातो आणि सगळं वाया घालवून परत येतो, बचत गटातल्या बायका का ऐकतील ते? त्यावर त्यातल्याच एक बाई म्हणाल्या, ‘माझा पोरगा चार वर्षं पुण्यात हाय, मॅडम. परीक्षा देतोय म्हणतो. तिथं काय करतोय ते मला कोण सांगतंय? ह्यात असंल तर वाचा.’

मतदान झालं. ‘स्मृतिचित्रे’ला पाच मतं, त्यातलं एक माझं. ‘कोसला’ला सतरा. शिंपीकाकांनी हात वर केला नाही, हातात सुई होती म्हणाले. पुढच्या गुरुवारी सुरुवात आहे आणि पहिली पानं वाचायचं काम माझ्याकडे आलंय.